मुकुटफुलाचं सातवं झाड

एका राज्यात एक कुजबुज अर्धीच राहिली.

राज्याचं नाव विचारू नका. नाव सांगितलं तर तिथली माणसं म्हणतील, आमच्याकडं असं काही घडलंच नाही, आणि जी गोष्ट घडली नाही असं सगळे एका सुरात म्हणतात, ती घडलेली असते. तर कुजबुज अर्धी राहिली ती पाणवठ्यावर. सोनाई परटीण धुणं आपटत होती, भोवती चार बायका कान टवकारून बसल्या होत्या, आणि सोनाई सांगत होती, "राणीचं सातवंही झाड मरायला टेकलंय गं. येसूच्याच हातानं विष जातंय त्यांना. आणि आता म्हणे ती राजालाच..."

एवढ्यात कमरेवर घागर घेऊन येसू माळीण पायऱ्या उतरली. सोनाईनं उरलेलं वाक्य पाण्यात सोडून दिलं.

"थांबलीस का गं, सोनाई?" येसू म्हणाली. "राजाला काय?"

"कुठं काय, येसूबाई. रिठ्याचा फेस डोळ्यात गेला."

"फेस डोळ्यात गेला तर जीभ कशी अडकली?"

बायका खाली बघत हसल्या. येसूनं घागर अशी बुडवली, की पाण्यालाही वाटलं असेल आपलं काय चुकलं. तिची उजवी करंगळी पदराआड होती. सगळ्यांना ठाऊक होतं का ते. त्या करंगळीचं नख दगडाचं झालं होतं.

आता हे दगडाचं प्रकरण नीट सांगते, नाहीतर पुढं घोटाळा होईल.

त्या राज्याचा राजा भूमल्ल. त्याची राणी मृणावती दर्यापारच्या खडकाळ देशातली. लग्न होऊन आली तेव्हा दागिन्यांच्या पेटीशेजारी एका करंड्यात लाकडासारखी टणक सुकलेली फुलं घेऊन आली होती, आणि खांद्यावर एक लांब शेपटाचं, बाकदार चोचीचं मधपाखरू. त्या सुक्या फुलांतल्या बियांतून तिनं वाड्यामागच्या उघड्या उतारावर सात झुडपं वाढवली. दर्यापारचे व्यापारी त्यांना प्रोटिया म्हणत. इथल्या माणसांच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून इथं ती झाली मुकुटफुलं. आणि होतंच ते मुकुट. परातीएवढं एकेक फूल, भोवती गुलाबी पाकळ्यांचे भाले, भाल्यांच्या टोकांना मऊ लव, आणि मधोमध पांढऱ्या केसरांचा कळस. एकदा उमललं की महिनाभर कोमेजत नसे.

राणीनं झाडं राखायला सात माळी नेमले. सातांचा मुखिया गोंदा, आणि सातवी गोंदाची बायको येसू. राणी तिला सांगायची, "येसू, माझ्या देशात ही झाडं उपाशी राहून फुलतात. त्यांना पोटभर वाढशील तर मारशील."

मग एका तापात राणी गेली. राजाचं दुःख राजासारखंच, मोठं आणि हुकूम सोडणारं. त्याला वाटलं, राणी त्या झाडांत राहायला गेली. उतारावर वारा फार, राणीला थंडी वाजेल, म्हणून त्यानं झाडांभोवती दोन पुरुष उंच भिंत बांधली. खडकाळ जमीन राणीला टोचेल, म्हणून नदीकाठची काळी कसदार माती आणून झाडांच्या मुळाशी ओतवली. आणि दर पुनवेला, सकाळच्या प्रहरी, प्रत्येक घरानं एक घडा आणायचा असा दंडक घातला. घड्यात दूध, तूप, गूळ आणि हाडांची भुकटी. भिंतीच्या दारापर्यंत घडा आणायचा रयतेनं, आणि झाडाला ओतायचा माळ्यानं, कारण राणीच्या झाडाला माळ्यावाचून कुणाचा हात लागता कामा नये.

गोंदा हात जोडून म्हणाला होता, "महाराज, राणीसाहेब यांना उपाशी ठेवत होत्या."

"माझी राणी उपाशी राहील?" राजा ओरडला. "पुन्हा बोललास तर जीभ जाईल."

गोंदानं घडा ओतला.

राजाचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यानं राजमांत्रिक त्रिजटाला बोलावलं आणि झाडांभोवती शाप बांधून घेतला: ज्या हातानं राणीचं झाड मरेल, तो हात आणि त्या हाताचा धनी दगड होईल. त्रिजटानं मंत्र म्हटला, विभूती फुंकली, आणि घरी जाऊन जेवला.

महिन्याभरातच पहिल्या झाडाची पानं काठाकाठानं करपली आणि ते मेलं. गोंदा दाराशी उभा होता तसाच दगड झाला. हातात रिकामा घडा, तोंड किंचित उघडं. मग दुसरं झाड, दुसरा माळी. तिसरा माळी सोनाई परटिणीचा पाठचा भाऊ. अशी तीन वर्षांत सहा झाडं गेली आणि दारात सहा दगडी माळी उभे राहिले. उरलं एक झाड आणि एक येसू.

येसूचा राग तेव्हापासून विझला नव्हता. ज्या दिवशी गोंदा दगड झाला, त्या दिवशी चुलीवर त्याची भाकरी तव्यात होती. त्या चुलीतला निखारा येसूनं विझू दिला नाही. रोज राखेखाली झाकायचा, रोज सकाळी फुंकून उठवायचा. शेजारणी काडी पेटवायला आल्या तरी त्यातला विस्तव ती कुणाला देत नसे. म्हणायची, "हा माझ्या रागाचा आहे. ह्याच्यावर धनी भाकरी खातील, नाहीतर हा राज्य जाळील."

पाणवठ्यावरून आली ती घागर आपटून ठेवून तडक त्रिजटाच्या दारात.

"मांत्रिकबुवा, तुमचा शाप आंधळा आहे."

त्रिजट जटा विंचरत बसला होता. "शापाला डोळे नसतात, माळिणी. नाक असतं. तो वास घेतो."

"माझ्या नवऱ्यानं झाडाला लेकरासारखं वाढवलं. त्यालाच दगड केलंत. शाप मागं घ्या."

"टाकलेला शाप मागं येत नाही. मात्र सात झाडं पुन्हा उभी राहिली तर शापाला उभं राहायला जागा उरत नाही."

"मेलेली सहा झाडं आणू कुठून? तुमच्या जटेतून?"

"ते मला ठाऊक नाही. पाखराला विचार. आणि लवकर विचार. पुढच्या पुनवेच्या घड्यानं सातवं जाईल, आणि सातवीही जाईल." त्यानं फणीनं तिच्या करंगळीकडं खूण केली.

येसूनं त्याला अशी शिवी दिली, की ती मी इथं लिहीत नाही. पण त्रिजटाच्या फणीचे दोन दात पडले.

मधपाखरू सातव्या झाडावर बसलं होतं. छातीचं हाड वर आलेलं, शेपूट फिकट. पानांवर काळे ठिपके, फूल एकही नाही, फक्त जुनी सुकलेली बोंडं घट्ट मुठी मिटून फांद्यांवर बसलेली.

"पाखरा," येसू म्हणाली, "राणी तुझ्याशी बोलायची. माझ्याशी बोल. हा शाप निरपराध माणसांना का खातो?"

पाखरू बोललं. "शाप चुकत नाही. घडा कुणी ओतला?"

"हुकूम राजाचा होता."

"हुकूम झाडानं प्यायला नाही. घडा प्यायला. हात कुणाचा?"

येसूनं आपल्या हाताकडं बघितलं. तिला राग आला, इतका की कानांच्या पाळ्या गरम झाल्या, पण तो राग कुणाकडं फेकावा ते कळेना. तिला माहीत होतं. राणीनं तिलाच सांगितलं होतं. छत्तीस पुनवा ती हे माहीत असून घडे ओतत आली होती, आणि घरी जाऊन राजाला शिव्या घालत आली होती.

"मला तीन वस्तू हव्यात," पाखरू म्हणालं. "उपाशी माती. कुणाची परवानगी न घेणारा वारा. तिसरी सांगेन तेव्हा सांगेन."

येसू टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

उपाशी माती कुठं मिळते ते कुणाला माहीत नव्हतं, कारण त्या राज्यात सगळे माती पिकते किती ते बघत, उपाशी किती ते नाही. तीन दिवस चालून ती पठारावर पोचली. तिथं एक राक्षस राहत होता. त्यानं पठारावरचं गवत खाल्लं होतं, झाडं खाल्ली होती, वाटसरू खाल्ले होते, आणि आता तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता.

येसूनं लांबूनच हाक मारली, "राक्षसमामा, राम राम."

मामा म्हटल्यावर भाचीला खाता येत नाही. हा नियम राक्षसही पाळतात. त्यानं निराशेनं उसासा टाकला. "काय आणलंस भाचे?"

"माती. चाखून सांग कशी आहे."

पहिला घास तिनं दिला राजाच्या भिंतीआडच्या काळ्या मातीचा, पदराच्या गाठीत बांधून आणलेल्या. राक्षसानं तो गिळला आणि बोटं चाटली. "तूप आहे यात! हाडं आहेत! आणखी आण!" दुसरा घास वाटेवरच्या शेतातला. तोही त्यानं चावून खाल्ला. मग येसूनं त्याच पठाराच्या कड्यालगतची तांबूस, खडेरी, भरभरीत माती मूठभर उचलून त्याच्या जिभेवर ठेवली.

"थू!" राक्षसानं ती अशी थुंकली की दरीपलीकडचे ससे पळाले. "यात काहीच नाही! मला फसवतेस?"

"नाही मामा," येसू म्हणाली, "हीच हवी होती." आणि टोपली भरून घेतली. अशी आठ टोपल्या माती राक्षसानंच तिच्याबरोबर उतारापर्यंत वाहून आणली, कारण नको ती गोष्ट दारातून जाते म्हणजे त्याला आनंदच होता.

"झाडाखालची उकरून ही घालते," असं म्हणून येसू खुरपं घेऊन वाकली, तर पाखरानं तिच्या हातावर चोच मारली.

"उकरू नको! मुळं वरच आहेत, जाजमासारखी. तीन वर्षं खुरपतेस, तीन वर्षं कापतेस. शेजारी पसर."

येसूनं खुरपं भिंतीवर फेकून मारलं. भिंतीचा टवका उडाला. तिनं माती झाडाशेजारच्या उघड्या खडकावर पसरली, वीतभर जाडीची.

वारा आणायला ती डोंगराच्या शेवटच्या टोकाला गेली. तिथं एका गुहेत एक म्हातारी वाऱ्यांच्या वेण्या घालते. शहाण्या वाऱ्यांच्या दोन वेण्या, द्वाड वाऱ्यांच्या चार.

"आजी, मला एक वारा दे."

"कुठला? फुलांचा सुगंध वाहणारा आहे, राजांना पंखा घालणारा आहे."

"कुणाचं न ऐकणारा दे."

म्हातारी हसली. "तो तुझ्याच नात्यातला दिसतो." तिनं सर्वांत आडदांड वारा गाठीत बांधून दिला. "गाठ भिंतीआड सोडू नको हो. त्याला भिंत आवडत नाही."

येसूनं गाठ नेमकी भिंतीआड सोडली.

वारा उठला, त्यानं भिंतीला एक फेरी घातली, बघितलं, आणि ढकललं. दोन पुरुष उंचीची भिंत बाहेरच्या बाजूला आडवी झाली. सहा दगडी माळ्यांना मात्र खरचटलंही नाही. उतारावर पूर्वीसारखं ऊन पडलं. झाडाच्या पानांवरचा तीन वर्षांचा ओलसर, कोंदट वास निघून गेला, आणि काळे ठिपके वाढायचे थांबले.

राजा धावत आला. "माझ्या राणीची भिंत कुणी पाडली?"

"वाऱ्यानं, महाराज."

"वारा कुणी आणला?"

"मी."

"तुला हत्तीच्या पायी देईन!"

"द्या की. मग पुनवेला घडा कोण ओतणार? माळी एवढा एकच उरलाय तुमच्याकडं, आणि त्याचंही एक नख दगडाचं आहे."

राजानं माहुताला हाक मारायला तोंड उघडलं. पण ती म्हणत होती ते खरं होतं. "पुनव झाली की बघतो तुझ्याकडं," एवढं बोलून तो गेला. येसूला दिसलं, जाता जाता त्यानं एक पान हळूच कुरवाळलं. तिला त्याचा आणखीच राग आला, कारण त्या क्षणी तिला त्याची दया आली होती.

"आता तिसरी वस्तू," ती पाखराला म्हणाली.

"विस्तव."

"कशाला?"

"ह्या झाडाला जाळायला."

येसू झाडाच्या आडवी उभी राहिली. पाखरानं मान तिरकी केली. "बोंडं बघ. तीन वर्षं मुठी मिटून बसलीत. बी आत आहे. ही मूठ उन्हानं उघडत नाही, पाण्यानं उघडत नाही. राणीच्या देशात डोंगराला वणवा लागतो तेव्हा झाड जळतं, बोंड उघडतं, आणि धुराचा वास लागला की बी जागं होतं. पण विस्तव तीन वर्षं न विझलेला हवा. तो ज्याच्या घरी आहे त्यानंच आणावा."

"आणि तुझं खोटं ठरलं तर? शेवटचं झाड माझ्या हातानं गेलं तर?"

"तर तू दगड होशील. गोंदाही दगडच राहील. मीही मरेन. ह्या फुलांच्या मधावाचून मला फार दिवस निघणार नाहीत."

पुनव आली. सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळं नगर घडे घेऊन उतारावर जमलं. दुधाचा, तुपाचा, गुळाचा असा वास सुटला की पठारावरच्या राक्षसानं झोपेत ओठ चाटले. राजा पांढऱ्या वस्त्रात आला. झाडासमोर येसू उभी होती. डाव्या हातात राखेनं झाकलेल्या निखाऱ्याचं खापर, उजवा हात पदराबाहेर, करंगळी सगळ्यांना दिसेल अशी. आता नुसतं नखच नव्हे, पेरही दगडाचं झालं होतं.

"घडा घे, माळिणी," राजा म्हणाला.

"नाही."

इतक्या माणसांत एवढा छोटा शब्द कुणी ऐकला नव्हता. दुधावर बसलेली माशीसुद्धा उडाली.

"छत्तीस पुनवा मी घडे ओतले," येसू म्हणाली. "मला ठाऊक होतं की हे झाडाला बाधतं. राणीसाहेबांनी सांगितलं होतं. तरी ओतले, कारण भ्याले. माझे धनी ओतताना दगड झाले, ह्या सोनाईचा भाऊ झाला, आणि तुम्ही सगळ्यांनी म्हटलं, माळ्यांनी विष घातलं. घातलंच! तुमच्या घड्यांतलं! घरातलं चांगलंचुंगलं आणून तुम्ही इथं ठेवत होतात आणि हात जोडून घरी जात होतात. महाराज, तुम्हाला वाटतं हे अन्न आहे? मग आज तुमच्या हातानं वाढा. राणी तुमची. एकदा तरी तिला तुमच्या हातचं मिळू दे."

"राणीच्या झाडाला माळ्यावाचून..."

"दंडक तुमचा. मोडा."

राजानं घडा घेतला. तो भित्रा नव्हता, हे सांगायला हवं. त्यानं झाडाच्या बुंध्याशी वाकून, डोळे मिटून, दूध ओतलं. अर्धा घडा ओतून झाला तोच झाडाची वरची फांदी मान टाकून लोंबली, आणि राजा किंचाळला. त्याच्या उजव्या हाताची करंगळी दगडाची झाली होती.

घडे घेऊन उभी असलेली रयत मागं सरली. त्रिजटानं दुरून बघितलं आणि पुटपुटला, "म्हटलं ना, वास घेतो."

राजा करंगळीकडं बघत राहिला. "मी तिला जेवू घालत होतो."

"महाराज," येसूचा आवाज फाटला, "त्या कधी भरल्या ताटावर बसलेल्या तरी आठवतात का तुम्हाला? एक भाकरी, एक कांदा, आणि उन्हात उतारावर. तुम्ही त्यांना विचारलंत का कधी, त्यांना काय आवडतं ते?"

राजा घडा खाली ठेवून बाजूला सरला. हे त्याचं उत्तर.

येसूनं राख फुंकली. तीन वर्षांचा निखारा लाल झाला. तिनं तो झाडाच्या बुंध्याशी सुक्या पानांवर ठेवला. वारा वाटच बघत होता. झाड भडकलं.

बायका ओरडल्या, "जाळलं गं! राणीला जाळलं!" येसूला ते ऐकू आलं तोवर तिचे पाय दगड झाले होते. मग गुडघे. मग कंबर. मग छाती, दोन्ही हात. शाप गळ्यापर्यंत चढला आणि तिथं थांबला. झाड मेलं की नाही हे शापालाच कळेना, कारण काळ्या सांगाड्यावर बोंडं तडतड फुटत होती. मुठी उघडल्या. आतून लव असलेलं बी निघालं, वाऱ्यानं उचललं, आणि शेजारच्या उपाशी तांबड्या मातीवर नेऊन पेरलं.

पुढं चाळीस दिवस त्या राज्यानं जे बघितलं ते आजवर कुठं झालेलं नाही. उतारावर एक बाई उभी, गळ्यापर्यंत दगड, आणि वर जिवंत तोंड. आणि ते तोंड थांबत नसे.

"ए, कोण ते खुरपं घेऊन आलंय? ठेव खाली! तण आलं तर हातानं उपट, माती हलवू नको!"

"उद्या पानं आली तरी पाणी जमिनीवरच सोडा, पानांवर नको! सकाळी द्या. संध्याकाळी दिलंत तर रात्रभर ओल राहते, काळे ठिपके येतात!"

"दुधाचा घडा? कुणी आणला? सोनाई, तूच ना? अगं तुझ्या भावाला घाल ते दूध, माणूस झाल्यावर!"

सोनाई कपाळावर हात मारून घडा परत घेऊन जाई, आणि येताना येसूच्या तोंडात ताकाची वाटी धरी. "पी. ओरडून घसा बसेल. मग झाडांना कोण शिव्या देणार?"

"झाडांना नाही देत. तुम्हाला देते."

"तेच ते."

पाणी घालायला कोण यायचं? राजा भूमल्ल. रोज सकाळी, छोटी झारी घेऊन, एकटा. दगडी करंगळीमुळं झारी त्याला नीट धरता येत नसे.

"महाराज, फार झालं! झाड आहे का म्हैस?"

"एवढं?"

"त्याच्याही निम्मं. तहान लागू द्या बीला."

"लागली तर?"

"तर मुळं खाली पाणी शोधतील. तुम्ही नका शोधू."

राजा झारी आवरती घ्यायचा. पाखरू जळक्या फांदीवर बसून दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. विसाव्या दिवशी माती तशीच कोरडी. तिसाव्या दिवशी तशीच. पस्तिसाव्या दिवशी येसूचं ओरडणं थांबलं. सोनाईनं ताक पुढं केलं तर तिनं तोंड फिरवलं.

"जाळलं मी," ती पुटपुटली. "सोनाई, तू म्हणत होतीस तेच खरं. माझ्याच हातानं."

"मी म्हणते त्यातलं निम्मं खोटं असतं," सोनाई म्हणाली. "तुला नाही माहीत? पी."

चाळिसाव्या दिवशी सकाळी राजा झारी घेऊन आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. तांबड्या मातीत एक कोंब होता, लालसर, करंगळीच्या पेराएवढा, दोन जाड पानं मिटलेली. त्याच्यापलीकडं दुसरा. मग तिसरा. त्यानं मोजले.

"सात," राजा म्हणाला. मग ओरडला, "माळिणी, सात!"

येसूच्या गळ्यापासून दगड उतरू लागला, उन्हात दंव विरावं तसा. छाती, कंबर, गुडघे. पडलेल्या भिंतीच्या दारात सहा माळ्यांनी एकदम श्वास घेतला. गोंदाच्या हातातून तीन वर्षांपूर्वीचा रिकामा घडा खाली पडून फुटला, आणि त्याचं उघडं राहिलेलं तोंड अखेर बोललं.

"महाराज, राणीसाहेब यांना उपाशी ठेवत..."

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "आता ठाऊक आहे."

येसू गोंदाकडं गेली. तीन वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं होतं तिनं. त्याच्यासमोर उभी राहून तिनं एवढंच म्हटलं, "भाकरी करपली तुमची." आणि मग ती रडली, पण रागानंच.

त्या दिवशी राजानं घड्यांचा दंडक मोडला. पडलेली भिंत उचलायची नाही, असं फर्मान काढलं. राज्यात घराघरांत दूध लेकरांच्या वाट्याला आलं. झाडं मोठी झाली तशी तोवर गूळपाण्यावर तगलेल्या पाखराला मध मिळाला, शेपूट पुन्हा लांब झालं. फूल उमलून गेलं की देठ कुठं छाटायचा, खाली पानं किती ठेवायची, हे गोंदा शिकवी, आणि कुणी चुकलं तर येसू.

एकच गोष्ट राहिली. सगळ्यांचा दगड उतरला, राजाची करंगळी मात्र तशीच. त्यानं त्रिजटाला विचारलं.

"महाराज," त्रिजट म्हणाला, "माळ्यांनी आपल्या वाट्याचं दगड होऊन फेडलं, पण तुमच्या हुकमाचं दूध आणि हाडं अजून त्या काळ्या मातीत आहेत. मातीत गेलेलं मंत्रानं काढता येत नाही. पावसाळे लागतील."

"किती?"

"जितके लागतील तितके."

आणि त्या काळ्या मातीच्या तुकड्यावर त्या राज्यात अजून मुकुटफूल लावत नाहीत. तिथं भोपळा लावतात. भोपळा मात्र बेफाम येतो.

मग एक दिवस पाणवठ्यावर येसू पायऱ्या उतरली. सोनाई धुणं आपटत होती, भोवती त्याच चार बायका.

"सोनाई," येसू म्हणाली, "त्या दिवशीचं वाक्य पुरं कर. येसू आता राजालाच, काय?"

सोनाईनं इकडं तिकडं बघितलं. पळायला जागा नव्हती. "म्हणे येसूच्याच हातानं झाडांना विष जातंय," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आणि आता ती राजालाच दगड करणार आहे."

येसूनं विचार केला. विष गेलं होतं, आणि हात तिचेच होते. ते खरं. ते नाकारायला ती तोंड उघडणार नव्हती.

"आणि राजाचं?" एका बाईनं भीत भीत विचारलं.

"तेही खरं," येसू म्हणाली, आणि घागर बुडवली, या वेळी हळूच. "एका करंगळीपुरतं."